मंजूर यादीत नसलेलं गवत

गाय पादते म्हणून पृथ्वी तापते, हे वाक्य मी आजवर मंत्रालयातल्या साहेबांपासून लग्नातल्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकलं आहे आणि दर वेळी माझं डोकं फिरलं आहे. गाय ढेकर देते हो. मिथेन येतो तो तोंडावाटे. जनावराचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे ज्यांना धड सांगता येत नाही, त्यांनी त्याच्या पोटात काय असावं आणि काय नसावं याचे नियम केले. त्या नियमांनी आमच्या डांगाणात, म्हणजे आमच्या डोंगरी मुलखात, काय झालं ते मी सांगणार आहे. त्यात माझा स्वतःचा वाटा आहे आणि तो लहान नाही.

मी चांगुणा भांगरे. सह्याद्रीच्या कड्याखाली टिटवणे नावाची आमची वाडी आहे. घरात गुरं होती आणि ती राखायला कोणीतरी लागायचं, म्हणून माझी मोठी बहीण भागूबाई चौथीतून निघाली आणि मी आश्रमशाळेत गेले. तिला मी आक्का म्हणते. ती डोंगरात गुरांमागे फिरली आणि मी पशुवैद्यक झाले, मग जनावरांच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांवर बावीस वर्षं काम केलं. या वाटणीबद्दल आक्कानं मला कधी एक शब्द ऐकवला नाही. उलट बाजाराच्या दिवशी कोणी विचारलं तर सांगायची, आमची चांगी गाईच्या पोटात शिरून बघती.

पोटात मी काय बघत होते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

गायीला स्वतःला गवत पचवता येत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्याला आम्ही कोटीपोट म्हणतो. पाण्याचे चार-पाच हंडे सहज मावतील एवढा तो मोठा असतो आणि त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. ते गवत आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि त्या आम्लांवर गाय जगते. हे आंबवताना हायड्रोजन वायू सुटतो. तो साठला तर आंबवणं थांबतं, जसं बंद खोपटात चुलीचा धूर कोंडला की माणसाला चुलीपुढं बसवत नाही. म्हणून त्या कप्प्यात आणखी एक फार जुनी जात असते. ती हायड्रोजन खाते आणि त्याचा मिथेन करते. गाय तो ढेकरेवाटे बाहेर टाकते आणि पोट पुन्हा कामाला लागतं. मिथेन हवेत गेला की उष्णता धरून ठेवतो, यात खोटं काही नाही. जगभरच्या गुरांच्या ढेकरा एकत्र केल्या तर ती दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही, हेही खरं आहे.

आम्ही केलेल्या औषधात दोन गोष्टी होत्या. एक विषाणू, जो मिथेन करणाऱ्या त्या जातीला मारतो. आणि एक सुधारलेला जिवाणू, जो तोच हायड्रोजन घेऊन त्याचं आम्ल करतो, म्हणजे गायीला वर चार घास जास्तच मिळतात. धूर गेला आणि भाकरी वाढली, असं ते गणित होतं. गुरांचा मिथेन कमी करायची सरकारी योजना निघाली आणि योजनेवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं हरितघुटी. ज्यानं ते नाव सुचवलं त्याला बढती मिळाल्याचं ऐकते.

चाचणीत घुटी झकास चालली, कारण चाचणीतल्या गायी लसूणघास, मका, कडवळ आणि सरकी पेंड खात होत्या. मी म्हटलं, डोंगरातल्या डांगी गायी हे कुठं खातात? माघापासून पुढं त्यांच्या वाट्याला भाताचा पेंढा आणि वाळलेलं कुसळी गवत येतं. सहा डांगी गायींना तेच घालून बघू. तर संस्थेच्या खरेदी विभागानं कळवलं की कुसळी गवत मंजूर चारा यादीत नाही, त्यामुळे ते आणता येणार नाही. देशातली किती गुरं त्या गवतावर जगतात, पण यादीत नाही. शेवटी मी आक्काला फोन केला. तिनं चार दिवस उन्हात गवत कापलं, पेंढ्या बांधल्या आणि एका टेम्पोतून पाठवून दिलं.

अकरा आठवड्यांत त्या सहा गायी वाळल्या. आमच्या सुधारलेल्या जिवाणूला वाढायला हिरव्या चाऱ्यातली साखर आणि प्रथिनं लागत होती. नुसत्या कुसळीवर तो मेला. मिथेन करणाऱ्यांना विषाणूनं आधीच मारलं होतं. हायड्रोजनला वाट उरली नाही आणि पचन गुदमरलं. एक गाय मेली तेव्हा मी तिचं पोट उघडलं. आत आक्काचं गवत जवळजवळ जसंच्या तसं होतं, कोटीपोटात ठासून भरलेलं. ती गाय भरल्या पोटी उपाशी मेली होती.

आमचे संचालक डॉ. हेमंत शिरोडकर यांनी शांतपणे सांगितलं की त्या सहा गायींचा आहार मान्य आहारात बसत नाही, तेव्हा नियमानं त्या चाचणीत धरताच येणार नाहीत. मी दोन दिवस भांडले. मग सही केली. कोणी माझा हात धरला नव्हता. शोधनिबंधावर माझं नाव पहिलं होतं आणि ते मला हवं होतं, एवढंच कारण आहे. 'हिरव्या चाऱ्यासोबत परिणामकारक' अशी एक ओळ माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात टाकली आणि त्यावर मी माझं समाधान करून घेतलं. त्या आठवड्यात आक्काचा फोन आला होता. माझं गवत गाया नीट खात्यात का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, हो आक्का, चांगलं खातात.

त्याला सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी योजना डांगाणात आली.

योजनेनं प्रत्येक भागात एक पशुसखी नेमली होती. आमच्या भागातल्या अकरा वाड्यांसाठी आक्का होती. बर्फाचा डबा पाठीला बांधून ती भाद्रपदात वाडी-वाडी चालत गेली आणि सहाशेच्या वर जनावरांना स्वतःच्या हातानं घुटी पाजली. लोक विचारायचे, ह्याच्यानं गाईला काय व्हईल? ती सांगायची, माझ्या चांगीनं केलंय. त्यापुढं कोणी काही विचारलं नाही. पाजलेल्या सगळ्या जनावरांच्या कानात बिल्ले बसले. ते बिल्ले ढेकरेतला मिथेन मोजत आणि तालुक्याच्या नकाशावर प्रत्येक गाय एक हिरवा ठिपका होऊन दिसे. पौषात वाडीच्या तोंडाशी 'मिथेनमुक्त वाडी' असा फलक लागला. त्या वाडीत एकाही घरापुढं चारचाकी नाही. पण तिथल्या गायींनी ढेकर देणं सोडलं म्हणून, तो वाचलेला मिथेन हिशोबात धरून, चारशे किलोमीटरवरच्या एका सिमेंट कारखान्याच्या धुराकडं कानाडोळा करायची सोय झाली. योजनेचा खरा उपयोग तो होता आणि तो कोणत्याच फलकावर लिहिलेला नव्हता.

अकरा वाड्यांत एकाच बाईनं नकार दिला. टिटवण्यातली चिमाबाई लोहकरे, वय सत्तरीच्या पुढं, एकटी आणि तोंडानं फटकळ. तिची एकच गाय, खैरी. चिमाबाईचं म्हणणं असं की गाईच्या पोटात जे राहतं ते मी ठेवलेलं नाही, मग मी का काढू? घुटीच्या दिवशी ती खैरीला घेऊन कारवीच्या रानात जाऊन बसली. आता हे सूक्ष्मजीव लाळेतून, पाण्यातून एका जनावराकडून दुसऱ्याकडं जातात. म्हणून पशुसखीच्या पुस्तकात लिहिलं होतं की घुटी न घेतलेलं जनावर वेगळं ठेवावं. आक्का पुस्तकाबरहुकूम वागली. तिनं खैरीला सगळ्यांच्या हौदावर पाणी प्यायला बंदी केली, चरायला वेगळी वाट लावून दिली. वाडीनंही चिमाबाईशी बोलणं कमी केलं, कारण तिच्यापायी फलक पौषापर्यंत अडला होता. सात महिने ती म्हातारी ओढ्यावरून घागरी वाहून गाईला पाजत होती. हे सगळं आक्का मला फोनवर सांगायची आणि मी हूं हूं करायची.

चैत्राच्या शेवटी आक्काचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"चांगी, गाया खात्यात, पन अंगाला लागत न्हाई. पोट टम्म हाये आन् बरगड्या वर आल्यात. रवंथ सोडलाय समद्यांनी."

मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. मी दुसऱ्या दिवशी टिटवण्यात पोचले.

तोवर वाडीतल्या बावन्न जनावरांपैकी चार मेली होती. त्यात आक्काची मोरी नावाची गाय होती, पहिलारू आणि सात महिन्यांची गाभण. उरलेली गोठ्यांत उभी होती. दुपारची वेळ म्हणजे गुरांनी बसून डोळे मिटून रवंथ करायची वेळ, पण एकही तोंड हलत नव्हतं. कोणाच्याही गोठ्यापुढं उभी राहिले की घरची बाई मला बसायला घोंगडी टाकत होती, पाणी देत होती आणि म्हणत होती, बरं झालं बाई तू आलीस. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आक्का माझ्याबरोबर चालत होती. तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं की काहीतरी तिच्याच हातून चुकलं. मात्रा मोजताना नजर ढळली असेल, बर्फ वितळला असेल. मी म्हटलं, तसं नसेल. कसं असेल ते मात्र सांगितलं नाही.

औषध म्हणून हिरवा चारा आणि पेंड हवी होती. योजनेत ती लिहिलेली होती, पण वाडीत एक पोतंही आलं नव्हतं. वैशाखाच्या तोंडावर त्या डोंगरात हिरवं पान शोधूनही मिळत नाही. मग एकच उपाय राहत होता आणि तो माझ्याआधी आक्काला सुचला.

आमच्याकडं त्याला घास लावणं म्हणतात. जनावरानं रवंथ सोडला की निरोगी गाय रवंथ करत असताना तिच्या तोंडातला गोळा काढायचा आणि आजारी जनावराच्या जिभेच्या मुळाशी ठेवून ते गिळेपर्यंत जबडा धरायचा. मागणाऱ्यानं देणाऱ्या गायीसाठी मूठभर मीठ आणायचं आणि गोळा स्वतःच्या हातानं काढायचा. दुसरं काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. आणि मागायला वैरी आला तरी नाही म्हणायचं नाही. त्या गोळ्यात पोटातली सगळी वस्ती असते, मिथेन करणाऱ्यांसकट. विषाणूची भीती नव्हती. त्याची शिकार संपली की तो दोन-चार महिन्यांत स्वतःच संपतो. नवं बी रुजायला पोट मोकळं होतं. मी कॉलेजात हा विषय युरोपातल्या शेतकऱ्यांची जुनी रीत म्हणून पंधरा मिनिटं शिकवत असे. माझ्या आईनं तीच गोष्ट अंगणात केलेली मी शंभरदा पाहिली होती, पण पुस्तकात नव्हती म्हणून वर्गात कधी सांगितली नव्हती. माझ्यात आणि मंजूर यादी करणाऱ्यात फरक तो काय राहिला?

घास लावायला न पाजलेली गाय हवी. ती अख्ख्या अकरा वाड्यांत एकच होती.

आक्का घरातून मीठ घेऊन निघाली. चिमाबाईच्या अंगणाबाहेर ती बराच वेळ उभी होती, मी मागं. वाडीतल्या आणखी आठ-दहा बायका आल्या. प्रत्येकीच्या मुठीत मीठ होतं आणि कोणाचीच पहिलं बोलायची छाती होत नव्हती. चिमाबाई आंब्याखाली बसली होती. शेजारी खैरी बसून सावकाश रवंथ करत होती. म्हातारीनं सगळ्यांकडं नीट एकेक करून बघून घेतलं. सात महिन्यांचं बोलून घेणार, असं मला वाटलं, आणि तिनं बोलायलाच हवं होतं.

"म्या तुमच्यासाठी देत न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या गाईंनी माझं काय वाकडं केलंय? या, हात धुवा आन् या."

पहिला गोळा आक्कानं काढला. तिच्या पवळी गायीचा जबडा मी धरला. पवळी इतकी हलकी झाली होती की धरायला जोर लागला नाही. दिवसाला सात-आठ गोळेच काढता येत, नाहीतर खैरीचे हाल झाले असते, म्हणून सगळ्यात नाजूक जनावरं आधी घेतली. कोणाची आधी यावर भांडण होईल असं वाटलं होतं. ते झालं नाही. चिमाबाई काठी रोखून सांगत होती आणि बायका ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पवळी गोठ्यात खाली बसली आणि तिचं तोंड हलायला लागलं. मी तपासायला वाकले तर तिनं माझ्या तोंडावर लांबलचक ढेकर दिली. आक्का हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसत होती.

आणि तालुक्याच्या नकाशावर टिटवण्याच्या जागी पहिला लाल ठिपका उमटला.

मी शांत डोक्यानं सांगायचा प्रयत्न करते, पण हे सांगताना अजून अंग तापतं. बारा आठवडे गायी वाळत होत्या तेव्हा नकाशा हिरवागार होता. चार मेल्या तेव्हाही हिरवा. उलट मेलेली गाय मिथेन सोडत नाही म्हणून आमच्या वाडीचे गुण वाढले होते. गाय मरायला टेकली तेव्हा कोणी आलं नाही. ती बरी झाली तेव्हा दोन गाड्या आल्या.

तोवर आठवडा झाला होता आणि वाडीतल्या जवळजवळ सगळ्या जनावरांना घास लावून झाला होता. गाडीतून योजनेचा समन्वयक वाघचौरे उतरला. माणूस वाईट नव्हता. चप्पल काढून अंगणात आला, आधी पाणी मागितलं. त्याच्याजवळ दोन कागद होते. एकात खैरीला 'पुनर्दूषणाचा स्रोत' म्हणून उचलून केंद्रावर न्यायचा हुकूम होता. दुसरं प्रमाणपत्र होतं आणि त्याशिवाय पहिला हुकूम चालत नव्हता. त्यावर सही मी करायची होती, कारण घुटीची अधिकृत तज्ज्ञ मीच होते. शाळेच्या पटांगणात सगळी वाडी जमली. डॉ. शिरोडकर टॅबलेटच्या पडद्यावर हजर झाले, मागं पुस्तकांचं कपाट आणि अंगात कोट.

वाघचौरेनं प्रमाणपत्र मोठ्यानं वाचलं, तसा नियमच होता. जनावरं दगावण्याची कारणं दोन: पशुसखी श्रीमती भागूबाई यांनी घुटी चुकीच्या मात्रेत व चुकीच्या पद्धतीनं पाजली, आणि रवंथ तोंडातून तोंडात घालण्याच्या अस्वच्छ प्रथेमुळे संसर्ग पसरला. घुटी निर्दोष असल्याचं शेवटच्या ओळीत होतं. पडद्यावरून शिरोडकर म्हणाले की डॉक्टर, आपण हे लवकर आटपू या. पुढच्या महिन्यात घुटी आणखी बावीस जिल्ह्यांत जाणार आहे.

अकरा वाड्यांतल्या ज्या बाईच्या शब्दावर सगळ्यांनी आपली गुरं पुढं केली होती, तिच्याकडं आता सगळे बघत होते. आक्का माझ्याजवळ आली.

"म्या मोजून पाजलंय चांगी," ती हळू म्हणाली. "पन माझं चुकलं आसंल तर लिही. तुझ्या औषधाला बट्टा नको."

ती रागानं बोलली असती तर कदाचित मी पुन्हा दोन दिवस भांडून सही केली असती. स्वतःबद्दल मला एवढी खात्री आहे. पण ती हे मनापासून म्हणत होती. सहाशे जनावरांचं पाप डोक्यावर घ्यायला ती तयार होती, कारण माझं चुकलं असेल हे तिच्या मनातच येत नव्हतं.

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणाले. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चूक घुटीची आहे. आणि ती मला सहा वर्षांपासून माहीत आहे."

मग मी सगळं सांगितलं. सहा गायींचं, यादीचं, उघडलेल्या पोटाचं, माझ्या सहीचं. शिरोडकर मध्ये म्हणाले की डॉक्टर, पहिली सही तुमची आहे, याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना? मी म्हटलं, कळतोय, म्हणून तर सांगतेय. त्यांनी पडदा बंद केला.

आक्का मात्र हलली नव्हती.

"त्या सहा गाया, माझं गवत खाल्लेल्या?" तिनं विचारलं.

"हो."

"तू म्हनलीस, चांगलं खात्यात."

"हो आक्का."

तिनं मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं पदर खोचला आणि गोठ्याकडं निघून गेली.

मी प्रमाणपत्रावर सही केली नाही. कोरा कागद मागून घेतला आणि हातानं लिहिलं: घुटी वाळल्या चाऱ्यावर जनावर मारते, आधीच्या चाचणीत हे दिसलं होतं, ते दडवणाऱ्यांत मी एक आहे. त्या सहा गायींची रोजची मोजमापं मी फोनमध्ये जपून ठेवली होती. धाडस म्हणून नव्हे, नुसती टाकवली नाहीत म्हणून. ती जोडली आणि त्याच दुपारी बावीस जिल्ह्यांच्या पशुसंवर्धन कार्यालयांना आणि चार वर्तमानपत्रांना पाठवली. वाघचौरे म्हणाला, मॅडम, असलं काही लिहायला फॉर्मात रकाना नाही. मी म्हटलं, फॉर्माच्या पाठीवर चिकटवा. त्यानं खैरीकडं पाहिलं, सहीविना उचलता येत नाही म्हणाला आणि दोन्ही गाड्या रिकाम्या घेऊन गेला. जाताना त्यानं विचारलं की त्याच्या मामाकडंही चार गायींना घुटी दिली आहे, तर आता काय करायचं. मी सांगितलं, पाजली नसेल अशी गाय शोधा आणि मीठ घेऊन जा.

त्या दिवशी आक्का माझ्याशी बोलली नाही. ताट वाढलं, समोर ठेवलं आणि आत गेली. वाडीनं मला घालवून दिलं नाही, पण घोंगडीही कोणी टाकली नाही. चौकशीची नोटीस फोनवर आली, ती मी वाचली. खरं सांगायचं तर तिचं काही वाटलं नाही.

सकाळी उठून बाहेर आले तर अंगणात चिमाबाई काठी घेऊन उभी, आणि आक्काच्या हातात खैरीचा कासरा. मागं पवळी, आता तीही घास द्यायच्या लायक झाली होती. आक्कानं पाठीला भाकरी बांधली होती. ती माझ्याकडं न बघता बोलली.

"धा वाड्या ऱ्हायल्यात. तिथं समद्यांना म्या तुझ्या नावानं पाजलंय. तू चाल म्होरं. येका येका वाडीत आधी तू सांगायचं, काल सांगितलंस तसं, काय बी न गाळता. मंग आमी घास लावू."

मी म्हटलं, चालेल. तिनं विचारलं नव्हतं, त्यामुळं माझ्या चालेलला फारसा अर्थ नव्हता.

पहिली वाडी ओढ्यापलीकडची. आक्काला बघून लोक गोळा झाले. नाही म्हटलं तरी त्यांची आक्कावर आशा होती. पुढं रखमा गभाले म्हणून एक बाई होती. तिचा बैल आदल्या दिवशी गेला होता आणि जोडीतला दुसरा दावणीला मान टाकून बसला होता. मी नाव सांगितलं. घुटी मी केली, सांगितलं. ती वाळल्या गवतावर जनावर मारते हे मला ठाऊक होतं, सांगितलं. बहिणीला खोटं बोलले तेही सांगितलं. काही गाळलं नाही. आक्का बाजूला उभी राहून ऐकत होती.

रखमानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि आक्काला विचारलं, "हे खरं?"

"खरं हाये," आक्का म्हणाली.

रखमा घरात गेली आणि मूठभर मीठ घेऊन आली. ते तिनं खैरीपुढं धरलं. मी सवयीनं बैलाचा जबडा धरायला पुढं झाले, तेव्हा तिनं माझा हात मनगटाशी धरून बाजूला केला.

"तू जनावराला हात लावायचा न्हाई. तिकडं उभी ऱ्हा."

मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. जबडा आक्कानं धरला. रखमानं गोळा काढला आणि बैलाच्या जिभेवर ठेवला. बैलानं तो गिळला की नाही ते मला तिथून दिसलं नाही. वाडीतल्या सगळ्यात नाजूक पाच जनावरांचं होईपर्यंत उन्हं चढली; ती रवंथ करायला लागली की बाकीच्यांना त्यांचाच घास लागणार होता. कोणी मला पाणी विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही. मग आक्कानं खैरीचा कासरा खुंट्यावरून सोडून हातात घेतला, माझ्याजवळून पुढं गेली आणि वाटेवर थांबली.

"नऊ ऱ्हायल्या," ती म्हणाली. "चल म्होरं."